मोठं पेशीविज्ञान वाचायचं कसं? (प्रयोग, आकडे, आकृत्या)

सह्यकडा

बी.एस्सी. झालेल्या, एम.एस्सी.ला असलेल्या किंवा नेट-जेआरएफची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: अल्बर्ट्स आणि मंडळींचं 'मॉलेक्युलर बायॉलॉजी ऑफ द सेल' वाच. पहिली आवृत्ती १९८३ची, सातवी २०२२ची. तेराशेच्या वर पानं. ते वाचायचं कसं हे मात्र कोणी सांगत नाही. मग मुलं पहिल्या पानापासून पिवळा मार्कर घेऊन बसतात आणि चौथ्या प्रकरणात पुस्तक मिटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: या पुस्तकातलं प्रत्येक विधान हे कुठल्यातरी प्रयोगाचं उत्तर आहे. त्यामुळे प्रत्येक पानाला तीन प्रश्न विचारायचे. हे कशावरून कळलं? हे पेशीत किती आहे? हे किती वेगानं घडतं? ही तीन उत्तरं मिळाली तर नावं आपोआप लक्षात राहतात. ती नसतील तर रॅब-५ आणि रॅब-७ ही पेशीतल्या वाहतुकीच्या प्रथिनांची नावं कितीही घोकली तरी परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांची अदलाबदल होणारच.

क्रमाबद्दल. सहाव्या आवृत्तीचे आकडे सांगतो, इतर आवृत्त्यांत थोडा फरक पडेल. तिसरं प्रकरण (प्रथिनं) सगळ्यात सावकाश वाचा, कारण पुढची वीस प्रकरणं त्याच्यावर उभी आहेत. आठवं आणि नववं (तंत्रं आणि सूक्ष्मदर्शन) लोक शेवटाला ठेवतात, ते चौथ्याच्या आधी एकदा चाळा. जेल, ब्लॉट, फ्लुओरेसन्स म्हणजे काय हे माहीत नसेल तर पुढचे पुरावे डोक्यावरून जातात. १० ते १३ (पटल, वहन, प्रथिनांची वाटणी, पुटिकांची वाहतूक) हा एकच सलग विषय आहे, तो तोडू नका. १५वं (संदेशवहन) मात्र दोन-तीन भागांत वाचा, एका बैठकीत ते पचत नाही.

विकत घेणं परवडत नसेल तर २००२ची चौथी आवृत्ती एनसीबीआयच्या बुकशेल्फ या संकेतस्थळावर फुकट आहे. तिथे शब्द टाकून शोधायचं आणि त्या भागावर जायचं, पुस्तकासारखी पानं उलटता येत नाहीत. मूळ संकल्पना आणि जुने प्रयोग यांसाठी ती अजून उत्तम आहे.

बाकीच्यांनी भर घालावी.

केशर

चांगला धागा. एक प्रश्न. याच मंडळींचं छोटं पुस्तक आहे, 'इसेन्शियल सेल बायॉलॉजी'. आधी ते वाचावं का? की त्यात वेळ जातो?

रानवारा

केशर, रसायनशास्त्र कितपत पक्कं आहे यावर ते ठरतं. सामू आणि पीकेए (आम्लाची ताकद सांगणारा आकडा) यांचा संबंध, समतोल स्थिरांक आणि मुक्त ऊर्जेतला बदल या गोष्टी कागदावर मांडता येत असतील तर थेट मोठं पुस्तक घ्या. येत नसतील तर छोट्यातली सुरुवातीची चार प्रकरणं आधी करा. त्यात गेलेला वेळ वाया जात नाही.

किमान एवढं तरी हाताला हवं: ३७ अंशांवर समतोल स्थिरांक दहापट झाला की प्रमाण मुक्त ऊर्जा ५.९ किलोज्यूल प्रति मोलने बदलते. हा एक आकडा पाठ असला की अर्ध्या गोष्टी तोंडी सुटतात.

उदाहरण म्हणून एटीपी घ्या. पुस्तकात एके ठिकाणी जलविघटनाची ऊर्जा उणे ३०.५ किलोज्यूल दिसते, दुसरीकडे पेशीत उणे ५०च्या आसपास, आणि मुलं गोंधळतात. आता हिशेब करा. समजा एटीपी ३ मिलिमोलर, एडीपी ०.३ मिलिमोलर, फॉस्फेट ५ मिलिमोलर. एडीपी गुणिले फॉस्फेट भागिले एटीपी, सगळं मोलरमध्ये धरून, ०.०००५ येतं. त्याचा १० पायाचा लॉग उणे ३.३. गुणिले ५.९ म्हणजे उणे १९.५. त्यात उणे ३०.५ मिळवले की बरोबर उणे ५०. पेशी एटीपीचं प्रमाण समतोलापासून खूप दूर राखून ठेवते, आणि ती जादा १९.५ किलोज्यूल या दूर ठेवण्यातून येतात. 'उच्च ऊर्जेचा बंध' हा शब्दप्रयोग म्हणूनच दिशाभूल करतो. ऊर्जा त्या एका बंधात कोंडलेली नसते.

इथे हमखास होणारी चूक: मिलिमोलरचे आकडे तसेच टाकणं. मग भागफल ०.५ येतो आणि उत्तर उणे ३२ निघतं. एकक मोलरमध्ये आणूनच पुढे जा.

प्रथिनवेडा

आकृत्यांबद्दल लिहितो, कारण या पुस्तकाचा खरा जीव आकृत्यांत आहे.

आकृतीखालचा मजकूर हाताने झाका. फक्त चित्र बघून काय चाललंय ते दोन-तीन वाक्यांत वहीत लिहा, मग मजकूर वाचा. जिथे तुमचं वाक्य आणि त्यांचं वाक्य वेगळं निघेल तिथेच शिकायचं असतं. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर ती आकृती आठवून काढा. बाण विसरला तर चालेल, बाणाची दिशा चुकली तर ते पान परत वाचा.

आणि प्रत्येक आकृतीतला एक भाग मुद्दाम बिघडवा. केंद्रकात प्रथिनं आत नेण्याची रॅनची आकृती घ्या. रॅन हे जीटीपी किंवा जीडीपी धरणारं छोटं प्रथिन. रॅनचा जीईएफ (त्याला जीटीपी-अवस्थेत नेणारं प्रथिन) क्रोमॅटिनला चिकटलेला, म्हणजे केंद्रकात. जीएपी (जीडीपी-अवस्थेत नेणारं प्रथिन) पेशीद्रवात. त्यामुळे केंद्रकात रॅन-जीटीपी जास्त, बाहेर रॅन-जीडीपी जास्त. माल घेऊन आत आलेल्या इम्पोर्टिन या वाहकाला रॅन-जीटीपी चिकटतं आणि माल सुटतो. आता या दोघांच्या जागा मनात बदला. रॅन-जीटीपी बाहेर जास्त झालं. मग इम्पोर्टिन बाहेरच माल सोडून देईल, आत काहीच साठणार नाही. उलट माल बाहेर नेणाऱ्या एक्सपोर्टिनला माल धरायला रॅन-जीटीपी लागतं, त्यामुळे ते बाहेर माल उचलून आत सोडेल. म्हणजे केंद्रकाच्या छिद्राला स्वतःची दिशा नाही, दिशा देतो तो रॅनचा उतार. हे एकदा स्वतः काढलं की ती आकृती जन्मात विसरत नाही.

केशर

रॅन-जीटीपीवरूनच विचारते. जीईएफ जीडीपीला तिसरा फॉस्फेट लावून जीटीपी बनवतो, असंच ना?

प्रथिनवेडा

नाही. हा गैरसमज फार मोठ्या प्रमाणावर आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

जीईएफ काहीही जोडत नाही. तो प्रथिनाची पकड सैल करतो आणि जीडीपी बाहेर पडतो. रिकाम्या जागेत जे जास्त उपलब्ध आहे ते शिरतं. पेशीद्रवात जीटीपी हा जीडीपीच्या सुमारे दहापट असतो, म्हणून जीटीपीच शिरतो. दिशा ठरवणारा जीईएफ नव्हेच, ते प्रमाण आहे. जीएपी मात्र खरोखर अभिक्रिया घडवतो: जीटीपीचा तिसरा फॉस्फेट तोडण्याचा वेग वाढवतो, रास या पेशीवाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनाच्या बाबतीत सुमारे लाखपट. त्यासाठी जीएपीची एक आर्जिनिन रासच्या खोबणीत शिरते.

आता हे कर्करोगाशी जोडा. रासच्या १२व्या जागी ग्लायसिन असतं, म्हणजे बाजूची साखळी जवळजवळ नाहीच. तिथे दुसरं जवळजवळ कुठलंही मोठं अमिनो आम्ल आलं की ती आर्जिनिन नीट बसत नाही, जीएपी निरुपयोगी होतो, रास चालू अवस्थेत अडकतो. हे पुस्तकात आहे. पुढचा प्रश्न स्वतःला विचारा. १२व्या जागी सिस्टीन आलेल्या केआरएएसवर (रासचा एक प्रकार) सोटोरासिब हे औषध अमेरिकेत २०२१ साली मंजूर झालं. ते जीडीपी धरलेल्या, म्हणजे बंद अवस्थेतल्या रासला चिकटतं. रास कायम चालू असेल तर बंद अवस्था औषधाला सापडते कशी?

केशर

स्वतःहून थोडं जलविघटन होत राहत असेल?

प्रथिनवेडा

बरोबर. या विशिष्ट बदलात रासची स्वतःची, जीएपीशिवायची क्षमता बरीच शाबूत राहते. म्हणून तो सावकाश का होईना, चालू-बंद होत राहतो. बंद झालेला प्रत्येक रेणू औषध पकडून ठेवतं आणि त्या सिस्टीनशी कायमचा बंध जोडतं. 'रास कायम चालू' हे पाठ्यपुस्तकी वाक्य इथे तोकडं पडतं. 'समतोल चालू अवस्थेकडे झुकलेला' हे जास्त खरं.

तळटीप

सह्यकडांच्या 'किती' आणि 'किती वेगानं' या प्रश्नांना धरून काही हिशेब देतो. कॅल्क्युलेटर लागणार नाही.

ई. कोलाय जिवाणूचं आकारमान सुमारे १ फेम्टोलिटर. इतक्या जागेत एक रेणू म्हणजे संहती किती? एक भागिले ॲव्होगाड्रो स्थिरांक, भागिले आकारमान: साधारण १.७ नॅनोमोलर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आता लॅक रिप्रेसर, म्हणजे डीएनएवरच्या ऑपरेटर या जागी बसून जनुकं बंद ठेवणारं प्रथिन. पेशीत त्याचे सुमारे दहा चतुष्टय असतात, म्हणजे १७ नॅनोमोलर. ऑपरेटरशी त्याची बांधणी नॅनोमोलरपेक्षाही घट्ट आहे, म्हणून दहा पुरतात. (त्यातले बरेचसे डीएनएवर इतरत्र सैल चिकटलेले असतात, हेही धरायचं. नाहीतर इतकी घट्ट बांधणी कशाला लागते ते कळत नाही.)

याच मापात प्रोटॉन मोजा. सामू ७ म्हणजे १०० नॅनोमोलर, म्हणजे अख्ख्या जिवाणूत मोकळे प्रोटॉन सुमारे ६०! पेशीतले बफर काढून टाकले तर एखाद्या विकराच्या काहीशे फेऱ्यांत सामू कोसळेल. बफरचं महत्त्व सांगायला याहून चांगला आकडा नाही.

विसरण: लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पेशीद्रवातल्या मध्यम प्रथिनाचा विसरण गुणांक १० चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद धरा. १० मायक्रोमीटरची पेशी ओलांडायला दोनेक सेकंद. मग मज्जातंतूचा एक मीटर लांबीचा अक्षतंतू? अंतर एक लाखपट, म्हणून वेळ हजार कोटीपट. एका दिशेचं सूत्र वापरून सुमारे १६०० वर्षं येतात. म्हणून मायक्रोट्यूब्यूलवरून माल वाहणारा किनेसिन (मोटर-प्रथिन) लागतो. तो सेकंदाला १ मायक्रोमीटर चालला, एका एटीपीला ८ नॅनोमीटर, तर तेच अंतर बारा दिवसांत कापतो. प्रत्यक्ष जलद वाहतूक याहूनही वेगवान आहे, दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर.

पटलावरच्या विद्युतदाबाबद्दलही एक. पोटॅशियम आत १४०, बाहेर ५ मिलिमोलर धरलं तर नर्न्स्टचं सूत्र ३७ अंशांवर उणे ८९ मिलिव्होल्ट देतं. मुलांना वाटतं, एवढा दाब यायला बरंच पोटॅशियम बाहेर गेलं असणार. २० मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी घ्या, पटलाची धारकता दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोफॅरड. हिशेबात सुमारे ७० लाख आयन बाहेर जावे लागतात. आत आहेत सुमारे ३५,००० कोटी. म्हणजे पन्नास हजारांत एक. संहती मोजून हा फरक दिसणारच नाही. ११व्या प्रकरणातलं 'संहतीत नगण्य बदल' हे वाक्य तेव्हाच खरं वाटतं.

ओवी

तळटीप, तुमच्या पद्धतीने ई. कोलायचा डीएनए मोजला आणि अडले. जीनोम ४६ लाख बेसजोड्या. प्रतिकृती एका उगमापासून दोन्ही दिशांना, प्रत्येक काट्याचा (प्रतिकृती पुढे सरकते त्या जागेचा) वेग सेकंदाला सुमारे १००० न्यूक्लिओटाइड. म्हणजे २३ लाख भागिले १०००, २३०० सेकंद, जवळजवळ ४० मिनिटं. पण चांगल्या खाद्यात जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो. कुठलातरी आकडा चुकला का?

तळटीप

एकही चुकला नाही. विरोधाभास तुम्ही स्वतः शोधलात, हे वाचण्यातलं सगळ्यात मोठं यश आहे.

पहिली फेरी संपायच्या आत उगमापाशी दुसरी सुरू होते, कधी तिसरीसुद्धा. जन्मलेल्या पेशीला अर्धवट प्रतिकृती झालेला डीएनए वारशात मिळतो. दर फेरीला ४० मिनिटंच लागतात, पण दर २० मिनिटांनी एक फेरी पूर्ण होते. याचा थेट परिणाम: वेगानं वाढणाऱ्या पेशीत उगमाजवळच्या जनुकांच्या प्रती शेवटाजवळच्या जनुकांपेक्षा जास्त असतात. मग रायबोसोमच्या आरएनएची बहुतेक जनुकं उगमाच्या बाजूला का आहेत, याचा अंदाज बांधा.

माणसाच्या बाबतीत हाच हिशेब उलटा करा. काट्याचा वेग सेकंदाला सुमारे ५०. १५ कोटी बेसजोड्यांच्या गुणसूत्राला मधोमध एकच उगम असता तर साडेसात कोटी भागिले ५०, म्हणजे १७ दिवस. एस अवस्था मात्र सुमारे ८ तासांची. म्हणून उगम हजारोंनी लागतात. हे पाठ करायची वस्तू राहतच नाही.

सह्यकडा

आता 'कशावरून कळलं' याकडे. एकच प्रयोग शेवटपर्यंत उलगडतो, कारण १२व्या प्रकरणातला हा पुरावा एकदा हातात आला की पटलांवरचे निम्मे शोधनिबंध वाचता येतात. प्रश्न असा: स्रवणारं प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेच्या आत खरंच जातं का, आणि केव्हा जातं? ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९चं नोबेल ज्या सिग्नल संकल्पनेसाठी मिळालं, तिच्या पायाशी हा प्रयोग आहे.

नमुना प्रथिन: गाईचं प्रीप्रोलॅक्टिन. २२९ अमिनो आम्लं, त्यातली पहिली ३० सिग्नलची, म्हणजे जालिकेचा पत्ता सांगणाऱ्या तुकड्याची. अमिनो आम्लाचं सरासरी वजन ११० डाल्टन धरलं तर सिग्नल तुटल्यावर प्रथिन सुमारे ३.३ किलोडाल्टनने हलकं होतं. जेलवर हा फरक दिसायला हवा, म्हणून पॉलिॲक्रिलमाइड १५ टक्क्यांचं घ्यायचं. १० टक्क्यांच्या जेलवर दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळतील.

सशाच्या रेटिक्युलोसाइटचा अर्क, प्रीप्रोलॅक्टिनचा एमआरएनए, गंधक-३५ असलेलं मेथिओनिन. ३० अंशांवर तासभर. कुत्र्याच्या स्वादुपिंडातून काढलेले मायक्रोसोम (जालिकेचे तुकडे, गोल मिटलेले) घालायचे किंवा नाही. मग बर्फावर प्रोटिनेज-के (प्रथिनं तोडणारं विकर), मिलीलिटरला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम. पाच रकाने:

पहिला, मायक्रोसोम नाहीत: पूर्ण लांबीचा पट्टा.
दुसरा, मायक्रोसोम सुरुवातीपासून: बहुतेक आखूड पट्टा, थोडा लांबही उरतो.
तिसरा, दुसऱ्यासारखाच पण नंतर प्रोटिनेज: लांब पट्टा गेला, आखूड राहिला.
चौथा, तिसऱ्यासारखाच पण प्रोटिनेजबरोबर १ टक्का ट्रायटन (पटल विरघळवणारं डिटर्जंट): काहीच उरत नाही.
पाचवा, भाषांतर (एमआरएनएवरून प्रथिन बनणं) पूर्ण झाल्यावर सायक्लोहेक्सिमाइड घालून थांबवलं, मग मायक्रोसोम: लांब पट्टा, आणि प्रोटिनेज तो संपवतो.

पाचवा रकाना सगळ्यात बोलका आहे. तयार झालेलं प्रथिन आत जात नाही, म्हणजे आत जाणं भाषांतर चालू असतानाच घडतं.

ओवी

चौथा रकाना कशाला? तिसऱ्यात आखूड पट्टा वाचला, म्हणजे तो आत सुरक्षित आहे हे कळलंच की.

सह्यकडा

तिसऱ्यातला पट्टा वाचण्याची आणखी दोन कारणं असू शकतात. प्रोटिनेज मेलेलं असेल, किंवा प्रथिनाची घडी इतकी घट्ट असेल की प्रोटिनेजला ते तोडताच येत नाही. चौथ्यात पटल विरघळल्यावर पट्टा गेला, म्हणजे प्रोटिनेज जिवंत आहे, प्रथिन तोडण्याजोगं आहे, आणि आधी त्याला वाचवणारी एकमेव गोष्ट पटल होती. चौथा रकाना नसेल तर तिसऱ्यावर विश्वास ठेवू नका. शोधनिबंध वाचतानाही हाच रकाना आधी शोधा.

प्रत्यक्ष करताना हा प्रयोग बहुतेकदा एका ठरावीक जागी फसतो. प्रोटिनेज-के एसडीएस या तीव्र डिटर्जंटमध्येही काम करत राहतं, उलट प्रथिनं उलगडल्यामुळे त्याचं काम सोपं होतं. नमुना थेट एसडीएसच्या द्रावणात टाकला तर पटल फुटतं आणि आत वाचलेलं प्रथिनही त्या मिनिटभरात खलास होतं. मग तिसरा रकाना रिकामा दिसतो आणि निष्कर्ष उलटा निघतो. म्हणून आधी पीएमएसएफ (प्रोटिनेज बंद पाडणारं रसायन) घालून बर्फावर काही मिनिटं थांबायचं, मग नमुना आधीच उकळत ठेवलेल्या एसडीएस द्रावणात ओतायचा. पीएमएसएफ पाण्यात लवकर नष्ट होतं, त्यामुळे ते इथेनॉल किंवा आयसोप्रोपेनॉलमध्ये ताजं विरघळवून आयत्या वेळी घाला. दुसरी चूक मायक्रोसोमची: पुन्हापुन्हा गोठवले-वितळवले तर ते फुटतात, आणि फुटके मायक्रोसोम कोणालाच वाचवत नाहीत.

निळावंती

नेटच्या दृष्टीने थोडक्यात. जीवशास्त्राच्या पेपरात भाग बमध्ये ५० पैकी ३५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण. भाग कमध्ये ७५ पैकी २५, प्रत्येकी ४ गुण. चूक उत्तराला त्या प्रश्नाचे २५ टक्के गुण वजा. भाग कचे प्रश्न बहुतेक वरच्या प्रयोगासारखेच असतात: रकाने दिलेले, निष्कर्ष निवडा. तिथे माहितीपेक्षा नियंत्रण रकाने ओळखण्याची सवय कामी येते. ७५ मधून २५ निवडायचे असल्याने सगळी प्रकरणं सारखी करण्याचा हट्ट सोडा. दहा-बारा प्रकरणं हाडात भिनवलीत तर पुरेसं होतं.

सरावासाठी विल्सन आणि हंट यांचं प्रश्नांचं पुस्तक आहे, खास अल्बर्ट्सला जोडून तयार केलेलं. उत्तर आधी पूर्ण वाक्यात वहीत लिहा, मगच मागचं पान उघडा. नुसतं मनात 'येतंय' म्हणून पुढे गेलात तर त्या पुस्तकाचा उपयोग शून्य.

रानवारा

जुन्या आवृत्त्यांबद्दल इशारा, कारण रद्दीच्या दुकानात तिसरी-चौथी आवृत्ती स्वस्तात मिळते आणि ती घेण्यात काहीच गैर नाही. तीन ठिकाणी मात्र समासात दुरुस्ती करून ठेवा.

एक, माणसाची प्रथिन बनवणारी जनुकं. जुन्या पुस्तकांत ३०,००० किंवा त्याहून मोठा आकडा सापडेल, आज सुमारे २०,००० धरतात. दोन, ३० नॅनोमीटरचा क्रोमॅटिन धागा. परीक्षानळीत तो दिसतो, पण जिवंत पेशीच्या केंद्रकात सर्वत्र असाच नीट गुंडाळलेला धागा असल्याचा पुरावा मिळालेला नाही. न्यूक्लिओसोमचं मात्र पक्कं आहे: १४७ बेसजोड्या, आठ हिस्टोनभोवती पावणेदोनपेक्षा किंचित कमी वेढे. तीन, एका ग्लुकोजमागे ३६ किंवा ३८ एटीपी. हे अजूनही आपल्याकडच्या बऱ्याच गाईडांत आहे. एनएडीएचमागे १० प्रोटॉन बाहेर, एटीपी तयार करून पेशीद्रवात पोचवायला सुमारे ४ प्रोटॉन खर्च, म्हणून २.५. एफएडीएच-२ मागे ६ प्रोटॉन, म्हणून १.५. बेरीज ३० ते ३२. एटीपीचा आकडा पूर्णांक असण्याची काही गरज नाही, हे एकदा मान्य केलं की गोंधळ संपतो.

प्रथिनवेडा

१२ आणि १३ सलग वाचा असं सह्यकडा म्हणाले, त्यासाठी एक गणित देतो. हे सुटलं तर ती दोन प्रकरणं झाली असं समजा.

एका पटल-प्रथिनाला सुरुवातीला तुटणारा सिग्नल आहे. पुढे २०-२० अमिनो आम्लांचे दोन जलद्वेषी पट्टे, अ आणि ब. ग्लायकोसिलेशनची जागा (ॲस्परॅजिन, मग प्रोलिन सोडून कुठलंही, मग सेरिन किंवा थ्रिओनिन) दोन ठिकाणी: अ आणि बच्या मधल्या वेटोळ्यात एक, शेवटच्या शेपटीत एक. दोन्ही जागा पटलापासून पुरेशा दूर. कुठल्या जागेला साखर लागेल? जेलवर काय दिसेल? पेशीच्या पृष्ठभागावर पोचल्यावर कुठलं टोक बाहेर?

केशर

प्रयत्न करते. सिग्नलमुळे सुरुवातीचं टोक जालिकेच्या आत. अ आला की वहन थांबतं, वेटोळं पेशीद्रवात. ब आला की पुन्हा वहन सुरू, शेपटी आत. साखर फक्त आतल्या बाजूला लागते, म्हणून शेपटीतल्या जागेलाच. एक साखळी म्हणजे साधारण २.५ किलोडाल्टनने जड?

२० का, तेही काढलं. अल्फा हेलिक्समध्ये एका अमिनो आम्लाला ०.१५ नॅनोमीटर, म्हणजे २० ला ३ नॅनोमीटर. पटलाच्या तेलकट गाभ्याएवढंच.

पृष्ठभागावर मात्र अडले. पुटिका पटलात मिसळली की आतलं बाहेर येतं, मग वेटोळंही बाहेर येईल का?

प्रथिनवेडा

सगळं बरोबर. पृष्ठभागावर वेटोळं पेशीद्रवातच राहतं. पुटिका तुटताना आणि मिसळताना पेशीद्रवाकडची बाजू कधीच बदलत नाही. जालिकेची आतली पोकळी, गॉल्जीची पोकळी, पुटिकेची पोकळी आणि पेशीचं बाहेर ही सगळी एकच बाजू समजा. त्यामुळे दोन्ही टोकं पेशीबाहेर, वेटोळं आत. तपासायचं तर अख्ख्या पेशीवर, पटल न भोसकता, शेपटीवरच्या टॅगसाठी प्रतिपिंड लावा: चमक दिसेल. वेटोळ्यात टॅग असेल तर पटल डिटर्जंटने भोसकल्यावरच दिसेल.

जेलवर साखर तोडणारं एंडो-एच विकर वापरून पट्टा २.५ किलोडाल्टनने खाली आला तर तो बदल साखरेमुळेच होता हे सिद्ध. पण नमुना जालिकेतला हवा. गॉल्जीत साखळीची काटछाट पुढे गेलेली असेल तर एंडो-एच ती तोडू शकत नाही आणि तिथे पीएनगेज-एफ लागतं. एंडो-एचने पट्टा हलला नाही म्हणून 'साखर नाही' असा निष्कर्ष काढणं ही इथली नेहमीची चूक.

ओवी

सुरुवातीचा तुटणारा सिग्नलच काढून टाकला तर? मग प्रथिन पेशीद्रवात राहील का?

प्रथिनवेडा

बहुधा नाही. अ हा पट्टाच सिग्नलचं काम करू लागतो, फक्त तो तुटत नाही, पटलात रुतून राहतो. कुठल्या बाजूला तोंड करून, ते अच्या दोन्ही टोकांजवळचे विद्युतभार बघून ठरतं: लायसिन-आर्जिनिन जास्त असलेली बाजू सहसा पेशीद्रवात राहते. ते सुरुवातीच्या बाजूला जास्त असतील तर सुरुवातीचं टोक पेशीद्रवात, वेटोळं जालिकेच्या आत, शेपटी पुन्हा पेशीद्रवात. म्हणजे सगळी मांडणी उलटी. साखर आता वेटोळ्यातल्या जागेला लागेल, शेपटीला नाही. जेलवर मात्र दोन्ही प्रथिनांत एकच साखळी, त्यामुळे एंडो-एचने पट्टा दोन्हीकडे तेवढाच सरकेल आणि फरक कळणार नाही. म्हणून दोन जागांपैकी एकेकीतलं ॲस्परॅजिन ग्लुटामिनने बदलून दोन वेगळी प्रथिनं बनवायची आणि कुठल्या बदलाने साखर गेली ते बघायचं.

ओवी

म्हणजे सिग्नल असलेल्या मूळ प्रथिनात शेपटीतलं ॲस्परॅजिन बदललं की साखर जाते, आणि सिग्नल काढलेल्यात वेटोळ्यातलं बदललं की. मायक्रोसोमबरोबर भाषांतर करून चार रकान्यांत दाखवता येईल: दोन प्रथिनं, प्रत्येकी दोन बदल.

प्रथिनवेडा

हो, आणि बदल न केलेली दोन्ही प्रथिनं एंडो-एचसह आणि एंडो-एचशिवाय धरून आणखी चार रकाने. एकूण आठ.